चुकीच्या व्हॅनमधलं भाषण

"कॅप्टन, तुमची बोट दिवसातून सहा वेळा समुद्र ओलांडते, मग तुम्ही नेमके राहता कुठं?"

हा प्रश्न मिर्तेलच्या डोक्यातला नव्हता. तो तिच्या मैत्रिणीच्या, केर्तूच्या, डोक्यातला होता, आणि उभं राहून, न हसता, मोठ्यानं विचारायचा ही पैजेची अट वर्गातल्या लीस्बेतच्या डोक्यातली. पैज हरली असती तर संध्याकाळी परतीच्या बोटीवर, करिओकेच्या मंचावर, टालिनहून बियरचे खोके आणायला रिकाम्या ट्रॉल्या घेऊन निघालेल्या फिनिश आजोबांसमोर मिर्तेलला गाणं म्हणावं लागलं असतं. मिर्तेलचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला त्या आजोबांची दयाच आली असती.

तीन आठवड्यांपूर्वी हीच मिर्तेल दुकानात पाव मागण्याआधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायची. मग ती शाळेच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष म्हणून निवडून आली, आणि तेव्हापासून तिला थांबवणं अवघड होऊन बसलं होतं. दुसरा उमेदवार ऐन मतदानाच्या आठवड्यात कांजिण्यांनी घरी झोपून होता, ही बारीकशी गोष्ट ती विजयाची हकीकत सांगताना अगदी शेवटी सांगायची. बऱ्याचदा शेवटापर्यंत पोचायचीच नाही.

हेलसिंकीच्या सहलीला निघालेल्या नववीच्या वर्गाला भेटायला दहा मिनिटं खाली कॅफेत आलेल्या कॅप्टननं कप बशीत ठेवला आणि थोडा विचार केला.

"विचारतंय कोण, त्यावर आहे," तो म्हणाला. "करखात्यानं विचारलं तर टालिनला. बायकोनं विचारलं तर बोटीवर."

वर्ग हसला. उर्वेबाईंनी डोळे मिटून घेतले. मिर्तेल ऐटीत खाली बसली.

"बघितलंस? बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसा बोलला माझ्याशी," ती म्हणाली.

"त्याच्या मिशीला क्रीम लागलं होतं," केर्तू म्हणाली. "आणि तुझे कान लाल झालेत."

कान लाल होणं हा मिर्तेलच्या अध्यक्षपदातला एकमेव कच्चा दुवा होता. बाकी बोटीवर ती राणीसारखी वावरत होती. ट्रक कुठल्या मजल्यावर उभे राहतात, गाड्या कुठल्या, टालिनला गाड्या एका दारानं आत येतात आणि हेलसिंकीला समोरच्या दारानं बाहेर पडतात, म्हणून कुणालाच रिव्हर्स घ्यावा लागत नाही, हे सगळं तिनं सकाळपासून प्रत्येकाला दोनदा सांगून झालं होतं. "ही बोट मला आमच्या स्वयंपाकघरासारखी माहीत आहे," असंही ती म्हणाली होती. स्वयंपाकघरात ती फक्त खायला जाते हे लीस्बेतनं लगेच सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.

पण बोट तिच्या ओळखीची होती हे खरंच. तिचा बाबा, राइव्हो, सात वर्षं हेलसिंकीत टाइल्स बसवायचं काम करत होता. सोमवारी पहाटेच्या बोटीनं पांढरी व्हॅन घेऊन जायचं आणि शुक्रवारी संध्याकाळच्या बोटीनं परत यायचं. मधले चार दिवस त्याचं आयुष्य फोनवर "सगळं ठीक आहे" या एका वाक्यात मावायचं. टालिनच्या मुस्तामाए भागातल्या त्यांच्या इमारतीत असे बाबा प्रत्येक जिन्यात दोन-तीन तरी होते, त्यामुळे यात काही विशेष आहे असं मिर्तेलला कधी वाटलंच नव्हतं. काहींचे बाबा ऑफिसात जातात, काहींचे समुद्रापलीकडे.

विशेष ते यंदा झालं. बाबाला तिकडं दोन खोल्यांचं घर मिळत होतं. आईला, म्हणजे मेरिकेला, तिथल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम ठरलं होतं. ऑगस्टमध्ये तिघांनी तिकडं जायचं की नाही हे घरमालकाला सोमवारी कळवायचं होतं. आणि आईबाबांनी, कधी नव्हे ते, भलताच मोठेपणा दाखवला होता. "तुझी शाळा आहे, तुझे मित्रमैत्रिणी आहेत. तू नाही म्हणालीस तर आपण नाही जायचं. रविवारपर्यंत सांग."

मिर्तेलनं 'नाही' ठरवूनच टाकलं होतं. नुसतं नाही म्हणणं अध्यक्षाला शोभलं नसतं, म्हणून भाषण तयार केलं होतं. चार मुद्दे, प्रत्येकाला एक उदाहरण, शेवटी भावनिक आवाहन. अडचण एवढीच होती की ते बाबाच्या तोंडावर म्हणायचं धैर्य तिच्यात नव्हतं. शाळेच्या सभागृहात चारशे जणांसमोर जमलं, पण बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून, हात मांडीवर ठेवून, तिच्याकडे बघत ऐकणार म्हटल्यावर पहिल्याच मुद्द्याला तिला अभ्यास आठवायचा.

दिवसभर हेलसिंकीच्या विज्ञानकेंद्रात हिंडताना ती मनात मुद्दे घोळवत राहिली. एका यंत्राला हात लावल्यावर केस ताठ उभे राहिले तेव्हासुद्धा ती तिसऱ्या मुद्द्यावर होती.

संध्याकाळी परतीची बोट सुटली आणि बाबाचा मेसेज आला. 'याच बोटीवर आहे. भेटू.' मिर्तेलनं त्याला शोधलं नाही असं नाही. शोधलं. ड्रायव्हर लोकांच्या बसायच्या खोलीच्या काचेतून तो दिसला. आडव्या बाकावर झोपलेला, टोपी तोंडावर, बूट काढून बाकाखाली जोडीनं लावलेले. ती दोन मिनिटं काचेबाहेर उभी राहिली आणि दुसऱ्या जिन्यानं निघून गेली.

"उठवायचं ना," केर्तू म्हणाली.

"झोपू दे. मी नंतर व्हॅनमध्ये बोलते. तिथं बरं पडेल. गाडीत तो पुढं बघत असतो, मी मागं बसलेली."

"म्हणजे अध्यक्ष पाठीमागून बोलणार."

"ही रणनीती आहे, केर्तू."

उर्वेबाईंचा नियम साधा होता. ज्याला पालकांबरोबर जायचं त्याच्या पालकांनी स्वतः येऊन बाईंना सांगायचं. हा नियम आपल्यासारख्या जाणत्या माणसाला लागू नसावा असं मिर्तेलला वाटलं. टालिनचे मनोरे दिसू लागले, गाड्यांच्या मजल्याची दारं उघडल्याची घोषणा झाली, वर्ग पायी उतरणाऱ्यांच्या रांगेत लागला, आणि ती मधल्यामध्ये सटकली.

भिंतीवर सील प्राण्याचं चित्र असलेला मजला. बाबा नेहमी तिथंच. आत डिझेलचा आणि ओल्या लोखंडाचा वास होता, गाड्या एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या की आडवं होऊन चालावं लागत होतं. तिसऱ्या ओळीत पांढरी व्हॅन दिसली. छपरावर शिडी. काचेला लटकवलेलं सुगंधी पुठ्ठ्याचं पान. मागच्या बाकावर रंगाचे डाग पडलेलं करडं जाकीट आणि झाकणाचा रिकामा डबा, आई दर रविवारी बटाट्याचं सॅलड भरून देते तसाच. शिवाय बाबाच्या व्हॅनचं उजवीकडचं मागचं दार दोन वर्षांपासून कुलूपबंद होत नव्हतं. तिनं ओढून बघितलं, तर उघडलं. आणखी काय पुरावा हवा?

नंबरप्लेट बघायची असते हे तिला पुढच्या तासाभरात पाच वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. पण सात वर्षं त्या व्हॅनमध्ये बसूनही बाबाच्या गाडीचा नंबर तिला पाठ नव्हता, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

ती मागच्या बाकावर आडवी झाली आणि जाकीट अंगावर ओढलं. मूळ बेत असा होता की बाबा आला की 'भॉक' करायचं, तो दचकेल, हसेल, आणि मग हसण्याच्या भरात मुद्दा एक. पण पुढचं दार उघडलं, सीट करकरली, दार लागलं, एका माणसानं दिवसभराचा दमलेला श्वास सोडला आणि पेपरमिंटच्या गोळीचा कागद चुरचुरला. बाबासुद्धा पेपरमिंट खातो. मिर्तेलचा 'भॉक' घशातच राहिला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून तिनं जाकिटाखालूनच सुरुवात केली.

"मागं वळू नकोस. मी आहे. आधी सगळं ऐकून घे, मग बोल."

पुढं काही हालचाल झाली नाही. हे तिला अपेक्षितच होतं.

"मी हेलसिंकीला येणार नाही. चार कारणं आहेत. एक, मला लोकांनी निवडून दिलंय. दोनशे अकरा मतं, बाबा. सप्टेंबरपासून माझा कारभार सुरू होतो आणि मी कॅन्टीनमधल्या सूपचं आश्वासन दिलंय. दोन, केर्तू. तिला माझ्याशिवाय गणित येत नाही आणि मला तिच्याशिवाय कळत नाही मी कधी मूर्खपणा करतेय. तीन, मला तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. मी आत्ता कुठं बोलायला लागलेय. तिकडं गेले की परत दुकानात पाव मागायला घाबरेन, तेही फिनिशमध्ये. चार, आपली मांजर. किलू फक्त त्याच एका खिडकीत झोपते."

 जाकिटाला सिमेंटचा वास येत होता.

"आणि मला माहीत आहे तू दमतोस. पण सात वर्षं चाललंय ना? तू स्वतःच म्हणतोस सगळं ठीक आहे. मग ठीक आहे तर ठीक आहे. एवढंच."

पुढं शांतता. मिर्तेलच्या घरात तीन मिनिटांची शांतता म्हणजे तुमच्या बोलण्याचा गंभीरपणे विचार होत आहे. एकदा बाबानं तिच्या कान टोचण्याच्या अर्जाला शनिवारी दुपारी विचारल्यावर रविवारी सकाळी उत्तर दिलं होतं. म्हणून ती निवांत पडून राहिली. खरं म्हणजे तिला थोडा अभिमानही वाटत होता. भाषण छान झालं होतं.

"संपलं?" पुढून आवाज आला.

तो आवाज बाबाचा नव्हता.

मिर्तेलनं जाकीट खाली केलं. आरशात दोन निळे डोळे आणि लाल दाढी दिसली. बाबाला दाढी नव्हती. कधीच नव्हती.

"तुम्ही... तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तूच म्हणालीस, आधी सगळं ऐकून घे."

मिर्तेल उठून बसली. कान इतके तापले की तिला वाटलं, व्हॅनमध्ये उजेड पडला असेल.

"माफ करा, काका. मला वाटलं ही बाबाची व्हॅन. शिडी आहे. डबा आहे."

"शिडी सगळ्यांनाच असते," तो म्हणाला. "आणि डबाही. मी तार्मो. राक्वेरे गावचा."

"मिर्तेल."

त्यानं पेपरमिंटचं पाकीट मागं धरलं. तिनं एक घेतली. आता उतरून पळत सुटावं हे शहाणपणाचं होतं. पण तिच्यातला दोनशे अकरा मतांचा अध्यक्ष अजून पूर्ण मेला नव्हता, त्याला भाषणाबद्दल ऐकायचं होतं.

"कसं होतं?" तिनं विचारलं.

"चांगलं होतं. मांजरीचं मला पटलं." त्यानं स्टिअरिंगवर बोट फिरवलं. "माझीही एक मुलगी. तुझ्याएवढी असताना असंच विचारलं होतं तिला. तिनं भाषण वगैरे नाही केलं. नको म्हणाली. मी बरं म्हणालो."

"मग?"

"मग काय. नऊ वर्षं झाली. सोमवारी जातो, शुक्रवारी येतो."

"आणि ती?"

"ती ऑस्ट्रेलियात आहे. द्राक्षांच्या मळ्यात." तो पहिल्यांदा हसला. "हेलसिंकी लांब पडत होतं तिला."

मिर्तेलला हसू आलं, पण ते लगेच मावळलं.

"तुमचं म्हणणं आहे मी हो म्हणावं?"

"माझं कसलं म्हणणं. मी राक्वेरेचा. मला तुझी मांजरही माहीत नाही." त्यानं आरशातून मागच्या बाकावरच्या डब्याकडे बघितलं. "फक्त तू म्हणालीस ना, सगळं ठीक आहे. तेवढ्यावर मी अडलो. हा डबा बुधवारी संपतो. बायको कितीही दाबून भरो, बुधवारीच संपतो."

"मग गुरुवारी?"

"ते तुझ्या बापाला विचार. प्रत्येकाचा गुरुवार वेगळा असतो."

तेवढ्यात छतावरचा कर्णा खरखरला आणि आधी एस्टोनियनमध्ये, मग फिनिशमध्ये, मग इंग्रजीत, म्हणजे बोटीवरचा एकही माणूस वंचित राहू नये अशा बेतानं, घोषणा झाली. नववी 'ब'ची विद्यार्थिनी मिर्तेल कास्क हिनं ताबडतोब आपल्या शिक्षिकेशी संपर्क साधावा. कॅप्टनलाही ती ऐकू आली असणार. बरोबरीच्या माणसाचं नाव त्याला आता नक्की पाठ झालं.

"तुझा बाप कुठल्या गाडीत?" तार्मोनं विचारलं.

दोघांनी काचेतून बाहेर पाहिलं. त्या मजल्यावर शिडीवाल्या पांढऱ्या व्हॅन अजून पाच होत्या.

शोधायची वेळच आली नाही. गाड्यांच्या मधून, आडवा होत, टोपी हातात धरून बाबा येत होता. घोषणा ऐकून तो गाडीतून उतरला होता, आणि त्याचा चेहरा असा पांढरा पडला होता की मिर्तेल दार उघडून बाहेरच आली.

"बाबा, मी इथं आहे."

बाबानं तिच्याकडे बघितलं, व्हॅनकडे बघितलं, आत बसलेल्या लाल दाढीकडे बघितलं.

"त्यांच्या गाडीत काय करत होतीस?"

"तुझी वाट बघत होते."

बाबानं तार्मोकडे बघून मान हलवली. तार्मोनं मान हलवली. दोन एस्टोनियन पुरुषांमध्ये एवढ्यात सगळं बोलणं होऊन जातं, चौकशी, खुलासा, आभार आणि पुढच्या आठवड्याचा निरोपसुद्धा.

"गाडीचा नंबर बघायचा," बाबा चालता चालता म्हणाला. हा पाचातला पहिला.

बाबाची व्हॅन दोन ओळी सोडून उभी होती. सगळं तसंच होतं. शिडी, पान, डबा. एकच फरक होता. स्टिअरिंगशेजारी मिर्तेलचाच पहिलीतला फोटो चिकटवलेला होता, पुढचे दोन दात नसलेला. जिच्यात स्वतःचा चेहराच नाही अशा गाडीला ती आपली गाडी समजून बसली होती.

बोटीचं मोठं दार खाली झुकलं, आत उजेड आला, नारिंगी जॅकेटवाल्यानं हात हलवला आणि ओळ सरकू लागली. बाबानं उर्वेबाईंना फोन लावून स्पीकरवर दिला, आणि बाईंनी मिर्तेलला जे सांगायचं ते सांगितलं. त्यात नंबरप्लेट होती. फोनवर बाईंच्या मागून केर्तूचा आवाज आला, "करिओके तरी बरं होतं." मग बंदराबाहेरचा रस्ता आला, आणि मिर्तेल पुढच्या सीटवर बसलेली असल्यानं लपायला जाकीट नव्हतं.

भाषण अजून पाठ होतं. मुद्दा एक जिभेवर आला होता. सकाळी अनोळखी कॅप्टनला, तो राहतो कुठं हे विचारून ती वर्गाला हसवून बसली होती. बाबाला मात्र तिनं सात वर्षांत असलं काही विचारलं नव्हतं.

"बाबा, गुरुवारी तू काय जेवतोस?"

"काय?"

"सॅलड बुधवारी संपतं ना? मग गुरुवारी?"

एक सिग्नल गेला. दुसऱ्या सिग्नलला लाल दिवा होता.

"केळं," बाबा म्हणाला.

"आणि?"

"आणि काय. लवकर झोपतो."

"किती वाजता?"

"सात. साडेसात. लवकर झोपलं की शुक्रवार लवकर येतो."

दिवा हिरवा झाला. मिर्तेल खिडकीबाहेर बघत राहिली. जून महिन्यात हेलसिंकीत साडेसातला लख्ख ऊन असतं. त्या उन्हात पडदे ओढून झोपणारा बाबा तिला दिसला, बूट काढून जोडीनं लावलेले, आणि मग तिला दुकानात फिनिशमध्ये पाव मागणारी मिर्तेलही दिसली, कान लाल. ती दुसरी त्या पहिल्याइतकी वाईट दिसत नव्हती. विनोदी दिसत होती, पण ती सवय तिला होतीच.

घरी आईनं डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी केला होता. बाबानं तीनदा वाढून घेतलं. दर शुक्रवारी तो तीनदा घ्यायचा, आणि दर शुक्रवारी मिर्तेल म्हणायची, बाबा, पोट बघ. आज ती काही बोलली नाही, तेव्हा आईनं संशयानं तिच्याकडे बघितलं.

"बाईंचा फोन आला होता मला," आई म्हणाली. "नंबर का नाही बघितलास?"

"आई, ते सोड. मला बोलायचंय."

बाबानं काटा खाली ठेवला. हात मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे बघितलं. नेमकं ज्याला ती घाबरत होती तसंच. मिर्तेल उभी राहिली, मग उभं राहणं फारच वाटलं म्हणून बसली, मग बसून आवाज निघेना म्हणून पुन्हा उभी राहिली. किलूनं खिडकीतून एक डोळा उघडला.

"भाषण आहे का?" आईनं विचारलं.

"होतं. ते झालं. राक्वेरेच्या एका माणसाला आवडलं." तिनं श्वास घेतला. "मी ठरवलंय. घरमालकाला हो कळवा, आपण तिघंही जायचं. केर्तूला मी सांगेन, ती मला मारेल, ते माझं मी बघेन. अध्यक्षपद कांजिण्यावाल्याला देऊन टाकते, तसंही ते अर्धं त्याचंच होतं, फक्त सूपचं आश्वासन त्याला पाळावं लागेल. किलूला अशी खिडकी हवी जिच्यात दुपारी ऊन येतं, हे घर घेताना बघायचं, ही अट आहे. आणि गुरुवारचा स्वयंपाक मी करणार. काय करणार ते विचारू नका, मला अजून काही येत नाही. पण सॅलड आणि केळं सोडून काहीतरी गरम असेल, आणि बाबा, त्या दिवशी साडेसातला झोपायचं नाही."